डिस्टिल्डच्या कॅनमधलं पाणी

नळाला पाणी आलं की रिकामं भांडं दिसू द्यायचं नाही, ही आमच्या वाशिमकडची सवय. त्या उन्हाळ्यात कॉलेजच्या प्रयोगशाळेत नळ आलेला दिसला आणि मी हाताला लागला तो कॅन भरून ठेवला. कॅन डिस्टिल्ड वॉटरचा होता. पाणी बोअरचं, साबणाला फेस न येऊ देणारं.

माझी विद्यार्थिनी अनसिंगहून यायची. कार्बन नॅनोट्यूबची काळी पूड पाण्यात नुसती टाकली तर तिचे गोळे होतात. साबणाच्याच जातीचं एक रसायन घालून ध्वनिलहरींनी हलवली, की ती शाईसारखी मिसळते. ती शाई काचेवर बसवायची आणि मग रसायन तेवढं शुद्ध पाण्याने हळूहळू धुऊन काढायचं. या धुण्यात तिच्यासारखा हात मी पाहिला नाही. समिती त्या काचा बघूनच तिला पीएच.डी.ला घ्यायचं की नाही ते ठरवणार होती.

दुसऱ्या दिवशी काचांवर पांढरे डाग. बोअरच्या पाण्यात साबण फाटतो ना, तसं ते रसायन फाटलं होतं. कॅन दिसला आणि मला कळलं.

"हे कसं झालं?" समितीतल्या एकाने विचारलं.

"धुण्यात घाई झाली असेल," मी म्हणालो.

ती एवढंच बोलली, "नाही सर, रोजच्यासारखंच धुतलं मी."

समिती गेल्यावर भांडी धुणाऱ्या मावशी म्हणाल्या, "सर, त्या कॅनमंदी पाणी तं तुमीच भरलं होतं ना? पोरीले कायले बोल लावता?"

"तुम्हाला काय कळतं त्यातलं!"

त्या भांडी घेऊन मोरीकडे गेल्या. तिला नकार गेला. त्या कागदावर माझीही सही आहे.

पुढं ती कारंज्याच्या एका शाळेत शिकवायला लागली. कारंज्याला गेलो की मी त्या शाळेचा रस्ता टाळायचो. गेल्या महिन्यात मात्र गेलो, आणि व्हरांड्यात उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

ती हातातला खडू फिरवत राहिली. "म्हंजे माझा हात साफ होता. सर, मले अजून पोरांसमोर परीक्षानळी धुवाची भीती वाटते." मग एकदम, "मावशीले मालूम होतं?"

"हो."

"मंग त्या मले काहून नाही बोलल्या?"

"मीच गप्प केलं त्यांना."

"मावशी मागच्या साली वारल्या, सर. मले वाटे, काचांले त्यायचाच हात लागला. कॉलेज सोडताना मी त्यायच्याशी बोलली बी नाही."

घंटा झाली. ती वर्गात गेली. मी एकीचीच माफी मागायचं ठरवून आलो होतो.