चपला दाराबाहेर काढणारे काका

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये मला कुणी लिंबू-मिरची पाठवायला नको. मी डोंबिवलीत फ्लॅट विकते. ज्या फ्लॅटमध्ये कुणी गेलंय म्हणून लोक पाय ठेवत नाहीत, तो फ्लॅट मी जास्त उत्साहाने दाखवते... भाव कमी असतो आणि भूत मेंटेनन्सवरून भांडत नाही. अमावस्येला बुकिंगचं टोकन घेतलंय मी, तेही हसतमुखाने. तेव्हा लिहिणारी बाई कोणत्या पठडीतली आहे ते लक्षात असू द्या आणि मग पुढचं वाचा.

मी आधी एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत डिस्पॅचला होते. कंपनीने गाशा गुंडाळला. मी घरी बसणाऱ्यातली नाही, म्हणून एजंटांसाठी असते ती रेराची परीक्षा देऊन स्टेशनजवळच्या एका एजन्सीत लागले. मला वाटलेलं, बोलायला आपल्याला शिकवावं लागत नाही, म्हणजे अर्धं काम झालंच. तीन महिन्यांत एकही डील झाली नाही. रविवारी टाइमपास म्हणून फ्लॅट बघणारी मंडळी असतात, ती सगळी माझ्याच वाट्याला आलेली. एक जोडपं तर दर आठवड्याला यायचं, सगळीकडे फोटो काढायचं आणि जाताना मलाच भेळ खिलवायचं. शेवटी त्यांनी थेट मालकाकडून घर घेतलं, आणि पेढे द्यायला मात्र माझ्याकडे आले.

आमच्या सरांनी सरळ सांगितलं, "वैशाली, दसऱ्यापर्यंत तीन डील. नाहीतर तू तुझी मोकळी." घरी सासूबाईंनी त्यांच्या मावसभावाच्या क्लासमध्ये फी घ्यायला बसायची नोकरी माझ्यासाठी बघूनच ठेवलेली. वाईट काही नव्हतं त्यात. पण मला ती नको होती. मला हेच काम हवं होतं, आणि ते मला जमणार याबद्दल माझ्या मनात तसूभरही शंका नव्हती. शंका बाकी सगळ्यांना होती.

गणपती झाल्यावर सावंत म्हणून एक पार्टी आली. मानपाडा रोडच्या आतल्या बाजूला रिसेलचा वन बीएचके. आपल्याकडे फ्लॅट बघायला नवरा-बायको कधी एकटे येतात का? सावंतांबरोबर मेहुणा, मेहुण्याची बायको, एक मावशी आणि एक वयस्कर काका. पांढरा हाफ शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. सगळे आम्ही चपला-बुटांसकट आत शिरलो, रिकाम्या फ्लॅटमध्ये कोण काढतं? या काकांनी मात्र दाराबाहेर चपला काढल्या, त्याही भिंतीला लागून, नीट जोडीने. उजव्या चपलेचा अंगठा काळ्या दोऱ्याने शिवलेला होता.

मी सुरू झाले. स्टेशन किती जवळ, शाळा कोणती, पाणी किती, पुढे रस्ता कसा रुंद होणार... सरांचं म्हणणंच होतं की पार्टीला विचार करायला वेळ दिला की पार्टी गेली. काका किचनमध्ये गेले, नळ सोडून बघितला, बंद केला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "पोरी, जरा गप्प राहा. त्यांना घर बघू दे."

मला रागच आला. पण अडतिसाव्या वर्षी 'पोरी' म्हणणारं माणूस सहसा भेटत नाही, त्यामुळे बसले गप्प. आणि खरं सांगते, त्या शांततेत सावंतवहिनी ओट्यापाशी गेल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, इथे मिक्सर राहील. मग मेहुणा फ्रीजची जागा शोधायला लागला, मावशी देवघराची. संध्याकाळी टोकन आलं. माझं पहिलं! जिना उतरताना मी काकांना शोधलं, पण एवढ्या गोतावळ्यात ते कधी निघून गेले ते कळलं नाही.

दुसरी डील ठाण्यात, टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत. नवरात्र तोंडावर आलेलं, रस्त्यात मांडवाचे बांबू पडलेले. देशपांडेबाई निवृत्त शिक्षिका, लेकीच्या जवळ राहायचं म्हणून घर बघत होत्या. बरोबर जावई. मी कुलूप उघडलं आणि मागे वळून बघते तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तेच काका! चपला काढतायत. जोडीने, भिंतीला लागून.

आता सावंतांचे काका देशपांडेबाईंबरोबर कसे असतील? एका सेकंदात माझ्या डोक्यात प्रकाश पडला: हा सरांचा माणूस. माझ्यावर नजर ठेवायला पाठवलेला. डोकंच फिरलं माझं. सरांना विचारायचंही नाही असं ठरवलं, त्यांना कशाला समाधान द्या! काकांशी मी एक अक्षर बोलले नाही. पण त्या दिवशी मी तोंड बंद ठेवलं, आणि चपलाही बाहेर काढल्या. बाई एकट्याच गॅलरीत बराच वेळ उभ्या राहिल्या. काका भिंतीला टेकून उभे होते, मीही तशीच उभी. बाई आत आल्या आणि म्हणाल्या, "मी हेच घेते. इथून मांडवाचे दिवे दिसतील."

तिसरी डील आंबिवलीची. दसरा अगदी दोन पावलांवर. गायकवाड म्हणून हॉस्पिटलमध्ये वॉर्डबॉय असलेले गृहस्थ, त्यांची बायको आणि आई. चाळीतली खोली विकून, पीएफ काढून जमवलेली रक्कम. बिल्डिंग नवीकोरी, भाव आश्चर्य वाटावं इतका कमी, लगेच ताबा. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघून आजी खिडकीतच बसल्या. मला बोलायची गरजच पडली नाही. गायकवाडदादांनी खिशातून चेकबुक काढलं. सगळं माझ्या मनासारखं चाललेलं.

काका दारात उभे होते. चपला घालून. उंबऱ्याच्या बाहेर.

मी म्हटलं, "या ना काका आत."

ते म्हणाले, "नको. इथे चपला काढायच्या नाहीत."

आवाजात राग नव्हता, काही नव्हतं. पण मला ते खटकलं. मी बाजूला जाऊन सरांना फोन लावला आणि सरळ विचारलं, तुम्ही पाठवलेले काका आत यायला तयार नाहीत, या बिल्डिंगमध्ये काही लफडं आहे का? सर म्हणाले, "कोण काका? मी कशाला कुणाला पाठवू? टोकन घे आणि ये."

मी फोन ठेवला. गायकवाडदादांना विचारलं, "ते दारातले काका तुमच्यापैकी ना?"

"नाही हो मॅडम," ते म्हणाले. "ते तुमच्याच ऑफिसचे ना? रिक्षातून उतरलो तेव्हा तुमच्या मागेच उभे होते."

मी दारात गेले. कुणी नव्हतं. लिफ्ट अजून सुरू झालेली नव्हती, जिना एकच. खाली येऊन वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, आपके साथ ऊपर गये थे ना. नीचे तो कोई नहीं उतरा." मी परत वर गेले. गच्चीच्या दाराला कुलूप, बाकीचे फ्लॅट बंद. ऑक्टोबरची भर दुपार. घाबरले मी, त्यात काय लपवायचं.

आणि आत गायकवाडदादा पेनचं टोपण काढून माझी वाट बघत बसलेले.

तो चेक घेतला असता तर माझी नोकरी पक्की होती. तेवढं एकच डोक्यात होतं. आणि दुसरं म्हणजे त्या चपला. मी म्हटलं, "दादा, आज टोकन नको. आधी महापालिकेत जाऊन या बिल्डिंगची परवानगी बघून या. मी येते बरोबर." दादा गोंधळले, आजी तर चिडल्याच माझ्यावर. त्यांना खिडकी सोडवत नव्हती. सरांना कळलं तेव्हा त्यांनी मला फोनवरच मोकळं केलं. म्हणाले, क्लासमध्ये फी घ्यायचं काम तुला शोभेल. सासूबाईंनी त्यांना कधी सांगितलं होतं कुणास ठाऊक.

परवानगी नव्हती. जो कागद आम्हाला दाखवला होता तो भलत्याच बिल्डिंगचा होता. पुढे तिथे नोटीस लागली, लोक हवालदिल झाले. गायकवाडांना मी नंतर आंबिवलीतच, स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला जुनं पण चोख घर शोधून दिलं, स्वतःच्या जोरावर. मग आजींनी जी माझी जाहिरात केली, तशी पैसे देऊन झाली नसती. अर्धी चाळ माझ्याकडे आली. आज डोंबिवली पूर्वेला माझं छोटं ऑफिस आहे, पाटीवर माझं नाव आहे. क्लासवाले मावसभाऊ परवाच टू बीएचके विचारून गेले.

तर्क मी सगळे करून बघितले. एखादा रिकामटेकडा म्हातारा, फ्लॅट बघायची हौस असलेला? मग त्याला डोंबिवली, ठाणे, आंबिवली, तिन्ही ठिकाणच्या वेळा कुणी सांगितल्या? मी सावंतांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "तुमचे सीनियर फार सज्जन माणूस." देशपांडेबाई म्हणाल्या, मला वाटलं ते तुमचे वडील असावेत. प्रत्येकाला ते दिसलेले, आणि प्रत्येकाने ते दुसऱ्याचे समजून सोडून दिलेले. त्यानंतर मी किती दारं उघडली असतील, दर वेळी मागे वळून बघते. मला ते परत दिसले नाहीत. मी मात्र रिकाम्या फ्लॅटमध्ये आजही चपला काढूनच जाते.

हे सगळं मी कुठेच लिहिणार नव्हते. पण मागच्या महिन्यात एक गोष्ट घडली.

माझ्याकडे प्रज्ञा नावाची मुलगी कामाला आहे. हुशार, चटपटीत, पण लागल्यापासून एकही डील नाही आणि आता सोडून जाते म्हणत होती. मी तिला मुद्दाम एकटीला कल्याणला पार्टी घेऊन पाठवलं. ती परत आली ती तणतणतच. पर्स टेबलावर टाकली आणि म्हणाली, "ताई, एवढाच भरवसा नव्हता तर एकटीला पाठवायचं नव्हतं ना. काकांना कशाला पाठवलंत मागून? वर मलाच सांगतायत, पोरी गप्प राहा."

भीती वाटली का? या वेळी नाही वाटली. डोळे भरून आले, ते तिला दिसू नये म्हणून मी ड्रॉवरमध्ये उगाच काहीतरी शोधत राहिले. कोण आहेत ते, कुठून येतात, आमच्या या धंद्याशी त्यांचं काय नातं, मला आजही काही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा.

मी तिला एवढंच विचारलं, "चपला काढल्या होत्या त्यांनी?"

"हो, दाराबाहेर. तुम्हाला कसं माहीत?"

"पार्टीला फोन लाव," मी म्हटलं. "टोकन घे."

संध्याकाळी टोकन आलं. प्रज्ञाचं पहिलं. निघताना ती दारात थांबली, राग केव्हाच गेलेला. म्हणाली, "ताई, उद्या शहाडची व्हिजिट आहे. काका येतील का?"

मी म्हटलं, "अजून एकदोनदा येतील. मग तुझं तुला बघायचंय."