तिसरा सेल

आईला घरी ऑक्सिजनचं मशीन लागलं त्या वर्षी मी दोन उपकरणं घरात आणली. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे दोन्ही माझ्या रोजच्या हाताळणीतली. पण प्रयोगशाळेत माप चुकलं तर फार तर मुलांचे मार्क जातात.

पहिलं होतं हवेतला ओलावा मोजणारं. आईनं उभी हयात टॉवेलच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरण्यात घालवली. फुप्फुसं कशानं आकसली ते डॉक्टरांनी कधी ठामपणे सांगितलं नाही. आधी जिना चढताना दम लागायचा, मग बोलताना, आणि शेवटी नाकातली नळी कायमचीच झाली. सोलापुरातली उन्हाळ्याची हवा आधीच भाजून निघालेली, त्यात नळीतून येणारा कोरडा ऑक्सिजन. तिच्या नाकातून रक्त यायचं. मशीनला पाण्याची बाटली असते आणि तिच्यातून बुडबुडे काढत ऑक्सिजन पुढं जातो, पण तेवढ्यानं भागत नव्हतं. म्हणून मी भिंतीवर आर्द्रतामापक टांगला. लाकडी पाटीवर दोन थर्मामीटर, एक कोरडा, दुसऱ्याच्या फुग्याला ओली वात गुंडाळलेली. दोन्ही पाऱ्यांत जितकं अंतर, तितकी हवा कोरडी. खिडकीला चादर ओली करून लावली की अंतर कमी व्हायचं आणि आईला बरं वाटायचं.

दुसरा होता हायड्रोमीटर. वीज गेली की ऑक्सिजनचं मशीन इन्व्हर्टरवर चालायचं, म्हणजे पर्यायानं त्याच्या बॅटरीवर. बॅटरीत सहा कप्पे असतात, त्यांना सेल म्हणतात. प्रत्येकात ॲसिड. बॅटरी भरलेली असली की ॲसिड जड असतं, उतरत गेली की ते पाण्यासारखं हलकं होतं. हायड्रोमीटर म्हणजे काचेची जाड पिचकारी, वर रबरी फुगा, आत आकडे कोरलेला तरंगता काचेचा गोळा. ॲसिड ओढून घ्यायचं आणि गोळा किती वर तरंगतो ते बघायचं. बाराशे चाळीसच्या आसपास असलं की मी निश्चिंत. आई या पिचकारीला हसायची. म्हणायची, "माझं रगत काढत्यात तसं त्या बॅटरीचंबी काढतीस की."

ती दुपार मेमधली होती. कॉलेजला सुट्टी. वहिनी मुलांना घेऊन माहेरी गेलेली, दादा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कामावर. तो तिथं एका टॉवेलच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करतो. घरात आई आणि मी. चादर केव्हाच वाळली होती, ती पुन्हा ओली करावी म्हणून उठले आणि सहज पाटीकडं नजर गेली. दोन्ही पारे जवळजवळ एका रेषेत आले होते. आधी वाटलं, वात वाळली असेल. पण वात ओलीच होती. खोलीतली हवाच अंगाला चिकटत होती. खिडकीतून पाहिलं तर दक्षिणेकडून आभाळ काळंनिळं होऊन गल्लीवर आलं होतं.

मग वारा सुटला. पत्रे वाजले, कुणाची तरी पाण्याची टाकी गच्चीवरून गडगडत गेली. कोपऱ्यावरच्या डीपीत मोठा आवाज झाला आणि सगळ्या गल्लीतली वीज गेली. मशीन एकदा किंचाळलं, इन्व्हर्टरनं भार उचलला, मशीन पुन्हा घरघरायला लागलं.

अडीनडीला आमच्याकडं एक छोटा सिलिंडर असायचा. तो त्याच सकाळी भरायला गेला होता. मी पुरवठादाराला फोन लावला. त्याची गाडी टेंभुर्णीहून परत येत होती, रस्त्यावर झाड पडल्यामुळं रांगेत अडकली होती. किती वेळ लागेल ते त्यालाही सांगता येईना. वीज मंडळाचा फोन लागतच नव्हता.

मी जिन्याखाली बसून बॅटरीची बुचं काढली. मोबाईलच्या उजेडात पिचकारी पहिल्या सेलमध्ये घातली. ठीक होतं. दुसरा सेलही ठीक. तिसऱ्यात गोळा तरंगलाच नाही, काचेच्या तळाला बसून राहिला. मी ॲसिड परत सोडलं आणि पुन्हा ओढलं. तेच. उरलेले तीन सेल पाहिले, ते चांगले होते. आधीच्या तपासणीत हा तिसरा थोडासाच मागं होता, बॅटरीवाल्यानं पाणी घालून बघू म्हटलं होतं. आता तो मेलाच होता.

एवढ्यात दादा आला, नखशिखांत भिजलेला. एमआयडीसीतलीही वीज गेली होती, म्हणून लवकर सुटला होता. मी त्याला जिन्याखालीच थांबवलं आणि हळू आवाजात सांगितलं की बॅटरी फार वेळ काढणार नाही.

त्यानं इन्व्हर्टरकडं बोट दाखवलं. त्यावर तीन हिरव्या रेघा दिसत होत्या. "ह्ये बघ की. आर्ध्याच्या वर हाय. तू आईला घाबरवू नको."

मी म्हटलं की त्या रेघा सहा सेलचा मिळून अंदाज सांगतात, एकट्या तिसऱ्याचं त्यांना काही कळत नाही. सगळे सेल एकामागं एक जोडलेले आहेत, हा एक बसला की सगळंच बसेल. तो म्हणाला, मग दवाखान्यात नेऊ. पण सिलिंडरशिवाय नेणार कसं? पाणी भरलेल्या रस्त्यानं, रिक्षातून, नळी न लावता? मागच्या वेळी फक्त जिना उतरवताना तिचे ओठ निळे पडले होते. ते आम्ही दोघांनीही पाहिलं होतं. 

बोलण्याच्या भरात आमचे आवाज चढले होते, आईला वर सगळं ऐकू गेलं होतं. वर तिच्या खोलीत गेलो तर तिनं हात वर करून थांबा म्हणून खुणावलं. तिला एक वाक्य बोलायला दोन-तीनदा थांबावं लागायचं.

"दवाखान्यात मी येत न्हाय," ती म्हणाली. मग श्वास घेऊन, "समोरच्या भाईच्या गाडीत... बॅटऱ्याच असत्यात की. माझ्या सीटखाली."

समोरचे भाई ई-रिक्षा चालवायचे. आईला तपासणीला तेच नेत-आणत, तिच्यासाठी गाडी अगदी पायरीला टेकवत. पावसामुळं तेही घरी परतले होते, गाडी त्यांच्या ओट्याला लावलेली दिसत होती. त्या सीटखाली चार बॅटऱ्या असतात, प्रत्येक आमच्याच जातीची. दादा तसाच पावसात पलीकडं गेला.

भाई आले ते हातात पाना घेऊनच. मी त्यांना म्हटलं, एक काढली तर तुमची गाडी उद्या जागची हलणार नाही. ते म्हणाले, "मालूम है मॅडम. कुठली काढू ते सांगा."

मी ओट्यावर गुडघे टेकून, डोक्यावर भाईंच्या बायकोनं धरलेल्या ताडपत्रीखाली, त्या चारही बॅटऱ्या तपासल्या. सकाळपासून गाडी फिरलेली, त्यामुळे चारही उतरल्या होत्या. कुठंच बाराशेच्या वर आकडा नव्हता. पण मागच्या डाव्या बॅटरीचे सहाही सेल एकसारखे होते. मी तिच्यावर हात ठेवला.

दादाला ते पटेना. आपल्या बॅटरीचे पाच सेल हिच्यापेक्षा चांगले आहेत असं तूच म्हणतेस, मग चालतं मशीन बंद करून ही अर्धी रिकामी का लावायची, असं त्याचं म्हणणं. शिवाय बदलायची म्हणजे मधे काही वेळ आईचा ऑक्सिजन बंद. मी त्याला पुन्हा तेच समजावलं, पण बोलता बोलता माझाच आवाज खाली गेला. वर्गात मी हा धडा कितीदा शिकवला असेन. इथं माझं चुकलं असतं तर मी स्वतःच्या हातानं आईचा श्वास काढून घेतल्यासारखं झालं असतं. जुनी न काढता नवी जोडून घ्यावी असंही मनात आलं, पण मेलेल्या सेलवर एकदम जोर आला तर ठिणगी उडेल याची भीती होती, आणि पलीकडं ऑक्सिजन. त्याच कारणानं आईची संध्याकाळच्या बुद्धवंदनेची मेणबत्तीसुद्धा आम्ही बंद केली होती.

आमचं बोलणं चाललेलं असतानाच घरातून टीं टीं असा आवाज यायला लागला. इन्व्हर्टर बॅटरी संपत आल्याचं सांगत होता. मी आत धावले, हिरव्या रेघांपैकी एकही उरली नव्हती.

दादानं वाद सोडला. त्यानं आणि भाईंनी ती बॅटरी उचलून जिन्याखाली आणली. मी आईजवळ बसले. तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, तिच्या रक्तात किती ऑक्सिजन आहे ते तो दाखवतो. एक्क्याण्णव. मी तिला सांगितलं की आता मशीन बंद होईल, ओठ मिटल्यासारखे करून सावकाश फुंकर घाल, डॉक्टरांनी शिकवलंय तशी. तिनं मान हलवली आणि माझं मनगट धरलं.

"बंद करू का?" दादानं खालून विचारलं.

मी कर म्हटलं. मशीन किंचाळायला लागलं. आम्ही त्याचा आवाज बंद केला नाही, कारण ते बटण शोधायला कुणाचा हातच रिकामा नव्हता.

एक वायर लगेच सुटली. दुसरीचा नट हलेना. टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार बुरशीसारखा चढून नट तिथंच घट्ट झाला होता. पाना घसरल्याचा आवाज मला वर ऐकू आला. ऑक्सिमीटर शहाऐंशीवर आला. मग ब्याऐंशी. आई फुंकर घालत होती, पण फुंकर आखूड होत चालली होती आणि गळ्याजवळची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. भाईंनी पकडीनं तो क्षार फोडला असावा, काहीतरी तडकल्यासारखं झालं. सत्त्याहत्तर. दादानं विचारलं, किती? मी आकडा सांगितला नाही. फक्त म्हटलं, "लवकर."

नट निघाला. जुनी बॅटरी फरपटत बाजूला गेली, नवी पुढं आली. "लाल वायर अधिकला," मी वरूनच ओरडले. उत्तर आलं नाही. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा भाईंचा आवाज आला, "रुको, उलटी हाय. हां. आता बराबर."

इन्व्हर्टर लागला आणि मशीन घरघरलं. पण हे मशीन सुरू झाल्याबरोबर पुरता ऑक्सिजन देत नाही, त्याला थोडा वेळ लागतो, तोवर पिवळा दिवा असतो. आईचे डोळे मिटत होते. ऑक्सिमीटर एकाहत्तरवर गेला होता. मी तिच्या गालावर थापट्या मारत राहिले, तिच्याशी काय बोलत होते ते मला आठवत नाही. दादा येऊन दारात उभा राहिला, हात काळे, त्याला आत यायचा धीर होईना. दिवा हिरवा झाला. आकडा काही वेळ तिथंच अडला, मग एकेकानं वर सरकायला लागला. पंच्याऐंशी झाल्यावर आईनं डोळे उघडले आणि माझं मनगट सोडलं. तिथं तिच्या बोटांचे वळ उठले होते.

ती बॅटरी टिकली. वीज रात्रीच्या जेवणाच्या वेळेला आली, तोवर भाई जिन्याच्या पायरीवर बसून होते. त्यांच्या बायकोनं दिलेला चहा तिथंच प्यायले. दादा त्यांच्या शेजारी बसला होता. 

दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी आली, भाईंची मी चार्ज करून परत दिली. आईच्या फुप्फुसांना मात्र त्या संध्याकाळची किंमत मोजावी लागली. डॉक्टरांनी ऑक्सिजनचा प्रवाह वाढवायला सांगितला, तो पुन्हा कधी खाली आला नाही. बॅटरी आधीच, बीप व्हायच्या आत बदलली असती तर काही वेगळं झालं असतं का, हे दादानं मला एकदाच विचारलं. मी म्हटलं, नट तेव्हाही तितकाच घट्ट होता. हे खरं आहे. पण त्यानं त्याचं समाधान झालं नाही, माझंही नाही.

आई त्यानंतर थंडीपर्यंत होती. त्या दिवसाविषयी ती एकदाच बोलली, मी तिचे केस विंचरत असताना. म्हणाली, "मला वाटलं, आता संपलं. मग खालनं तुज्या दादाचा आवाज आला, रडत हुता त्यो. म्हणलं, ह्याला आसं सोडून कसं जायाचं?"

दादा रडत होता हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या गोंगाटात मला फक्त पान्याचा आवाज ऐकू आला होता.