तंबूवाली गाडी साताऱ्याला निघते

आमची गाडी कमरेइतक्या पाण्यातून जाऊ शकते. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून ती बाहेर येऊ शकत नाही. दोष गाडीचा नाही, माझा आहे. आणि तो इथे लिहून टाकतोय, कारण घरात आता माझी माफी ऐकून घ्यायला कोणी रिकामं नाही.

गाडी घेतली आईसाठी, हे अगदी खरं. तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि रिक्षात चढणंही जड जाऊ लागलं, तेव्हा मी एका बिल्डरची वापरलेली, पण ऐटबाज एसयूव्ही घेतली. चामड्याच्या सीटा, आवाज न करणारं इंजिन, आणि दार उघडलं की खालून आपोआप बाहेर येणारी पायरी! "मिलिंद, आली रे पायरी," असं आई दर वेळी कौतुकानं सांगायची आणि मगच पाय ठेवायची.

पुढे मला मोबाइलवर ते व्हिडिओ दिसले. दाढीवाले लोक गाडीच्या छतावर तंबू उभारून बर्फात चहा पीत होते. बँकेत अठ्ठावीस वर्षं एकाच खुर्चीत बसलेल्या माणसानं असलं काही बघू नये. मी बघितलं. रोज बघितलं.

धायरीच्या रफिकभाईंकडे गाडी टाकली. त्यांनी माझी यादी दोनदा वाचली. उंच स्प्रिंगा, दांडगे टायर, पाण्याची ऐंशी लिटरची टाकी, मागे अंघोळीचा शॉवर, छतावर घडीचा तंबू आणि इंजिनाला हवा मिळावी म्हणून बॉनेटच्या बाजूनं वर गेलेला काळा पाइप.

"साहेब, जायचं कुठं आहे नक्की?"

"सध्या साताऱ्याला."

"साताऱ्याला हायवे आहे, साहेब."

"पुढे लडाख," मी उगाच म्हणालो.

"बरं. पार्किंगची उंची मोजलीत?"

"मोजली." (मोजली नव्हती.)

"आणि ही पायरी? खाली लोंबते. दगडधोंड्यांत तुटणार."

"काढून टाका."

रफिकभाई पान्हा हातात धरून थांबले. "आई बसतात ना गाडीत?"

"होईल तिला सवय," मी म्हणालो. हे वाक्य मला त्यानंतर बरेचदा आठवलं आहे. आठवायचं नसतं तेव्हाही!

साताऱ्याला जायचं होतं ते मावशीच्या पंचाहत्तरीला. गुडघ्यांपायी आईची आणि तिची तीन वर्षं भेट नव्हती. रविवारी अकरा वाजता बुद्धवंदना, आणि ती थोरल्या बहिणीनंच सुरू करायची, नाहीतर सुरूच करायची नाही, असं मावशीनं फोनवर बजावलं होतं. जेवणाचा तांदूळ आमच्याकडून.

शनिवारी संध्याकाळी धायरीहून गाडी घेतली, टाकी भरली, मार्केट यार्डातून तांदळाची तीन पोती मागे टाकली आणि सोसायटीत शिरलो. पार्किंगच्या तुळईखाली वॉचमन शिंदे मान वर करून मला आत घेत होते. "या... या... दमानं... आलात!" तंबू आणि तुळई यांच्यात दोन बोटांचं अंतर होतं. मी शिंद्यांशी हात मिळवला.

आई खाली बघायला आली. "ही सोंड कशाला?"

"नदीतून जाताना इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून."

"साताऱ्याला? अरे, नीरेवर पूल आहे!"

"आई, ह्यांचा आता पुलांवर विश्वास राहिला नाही," माझी बायको सुजाता म्हणाली.

तांदूळ निवडल्याशिवाय जाणार नाही, असं आईनं जाहीर केलं. म्हणून पोती वर गेली. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी निमकर आले. त्यांना शॉवर दाखवायचा मोह मला आवरला नाही. टाकी संपेपर्यंत दाखवला!

"उत्तम," निमकर म्हणाले. "बिल्डिंगला पाणी एकदा येतं. तुमच्या गाडीला दोनदा भरा."

सकाळी सात वाजता आई मोतिया रंगाची साडी नेसून पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर येऊन बसली. मी गाडी सुरू केली. वरून "कर्रर्र" असा आवाज आला आणि गाडी हलेना.

मी रफिकभाईंना फोन लावला.

"रात्री सामान उतरवलं?" त्यांनी विचारलं.

"पोती. आणि पाणी."

"वजन गेलं, साहेब. स्प्रिंगा वर आल्या. आता गाडी तुळईला खांदा देऊन उभी आहे. चाकांतली हवा सोडा."

चाकांच्या तोंडांना मी चोरांच्या भीतीनं कुलपाच्या टोप्या बसवल्या होत्या. किल्ली हत्यारांच्या डब्यात होती. डबा तंबूत होता. तंबू तुळईखाली गच्च!

सुजातानं हे शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे गाडी अडकली तर लागणारं सामान, जे अडकणार त्याच्यातच ठेवलंय."

"तर मग वजन टाका," फोनमधून रफिकभाई म्हणाले. "होतं त्यापेक्षा जास्तच टाका."

निवडलेला तांदूळ पोत्यांत भरून पुन्हा खाली आला. गाडी एक बोटभर बसली. टाकीत भरायला पाणी नव्हतं. ते साडेनऊला येणार. आईनं घड्याळ पाहिलं. पदर सारखा केला आणि पुन्हा घड्याळ पाहिलं.

शेवटी निमकर गच्चीवर गेले आणि सकाळच्या योगासनांच्या वर्गाला शवासनातून उठवून घेऊन आले. "लाजू नका," ते एकेकाला आत बसवत म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा आपल्या वजनाचा सोसायटीला उपयोग होतोय."

सातजण चढले. कुणी कुणाच्या मांडीवर, कुणी पोत्यांवर. गाडीनं एक सुस्कारा सोडला, खाली बसली आणि शिंद्यांच्या "दमानं, दमानं"वर मुंगीच्या पावलानं बाहेर आली. टाळ्या वाजल्या. आठ वाजून वीस मिनिटं. सगळं निभावलं, असं मला वाटलं.

योगवाले उतरले, तशी गाडी पुन्हा ऐटीत वर उठली. मी आईसाठी दार उघडलं.

गाडीचा उंबरा तिच्या कमरेला लागत होता. आई दारापाशी आली, दांडी धरली आणि खाली बघत थांबली.

"मिलिंद, पायरी येत नाही रे."

"काढली, आई."

"का?"

"दगडाला लागली असती."

आईनं समोरच्या डांबरी रस्त्यावर डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "कुठल्या?"

सुजातानं स्टूल आणलं. आईनं त्यावर एक पाय ठेवला, कळ आली, पाय खाली घेतला. मग ती परत खुर्चीवर जाऊन बसली आणि पर्स मांडीवर घट्ट धरली. "मी फोन करते तिला," म्हणाली. "सांगते, माझ्याशिवाय सुरू कर."

तेव्हा निमकर पुढे आले. त्यांची छोटी गाडी अठरा वर्षांची आहे. तिला मी एकदा, त्यांच्या देखत, साबणाची डबी म्हटलं होतं.

"आजी, माझ्या डबीत बसा," ते म्हणाले. "नदी लागली तर बघू."

आई एका पावलात आत बसली. सुजाता मागच्या सीटवर. मी त्यांच्या मागोमाग तांदूळ घेऊन निघालो. कात्रजचा बोगदा गेला, खंबाटकीचा घाट गेला; वाटेत एकही दगड आडवा आला नाही. नीरेवर पूल होता.

अकराला पाच कमी असताना पोचलो. मावशी दारातच उभी होती. दोघी बहिणी एकमेकींना धरून बराच वेळ तशाच राहिल्या. वंदना आईनंच सुरू केली. पहिल्या ओळीला आवाज जरा कापला, मग लागला. मी मागच्या रांगेत डोळे मिटून बसलो होतो. मनातल्या मनात पायरी परत बसवून झाली होती.

जेवणं आटोपल्यावर मावशीचं लक्ष बाहेर गेलं. "अक्का, हा टेम्पो कुणाचा?"

मी ऐटीत पुढे सरकलो. स्प्रिंगांपासून शॉवरपर्यंत सगळ्या गोष्टी सांगायला मी तयार होतो.

"मिलिंदचा," आई म्हणाली. "तांदूळ आणलाय त्यानं."

"बरं झालं. शेजारच्या वहिनींचं लोखंडी कपाट पुण्याला न्यायचंय. नेशील का रे?"

मी मान हलवली. मनात पाप असलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. शिवाय कपाट चांगलं जड होतं, आणि मला रात्री पार्किंगमध्ये शिरायचं होतं.