सत्तरच्या पुढची थरथर

माझी गाडी माझ्या सासरी सगळ्यांना आवडते. ती मी चालवते, हे कोणालाच आवडत नाही. मी खामगावला राहते, मलकापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि रोज हायवेने जाऊन-येऊन करते. गाडी माझ्या पगारातून घेतलेली. पण सोनाळ्याला सासरी गेलं की किल्ली खुंटीवर जाते आणि गाडी घरची होते. धाकट्या दिराची त्याच कंपनीची जुनी गाडी दारात उभी असते, तरी त्याला बाजाराला जायला माझीच लागते.

गेल्या पोळ्याला मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, बैलांची शिंगं रंगवली आणि उरलेला हिरवा ऑइलपेंट माझ्या गाडीच्या चारही टायरांना फासला. प्रत्येकाच्या बाजूवर दोन-दोन बोटांचे पट्टे. टायर नवेकोरे, नुकतेच टाकलेले.

"हेच तुहे बैल," मामाजी म्हणाले. सगळे हसले. मी हसले नाही. नंतर कितीतरी दिवस शाळेतली पोरं 'मॅडमची गाडी पोळ्यातून आली' म्हणून खिदळत होती.

तुळशीचं लग्न झाल्यावर दिराच्या मेव्हण्याचं लग्न निघालं. नवरदेवासाठी माझी गाडी मागितली. मागितली म्हणजे नेतो म्हणून सांगितलं. परत आली तेव्हा टाकी कोरडी होती, सीटवर अक्षता होत्या आणि डिक्कीत कोणाची तरी एक चप्पल. पुढच्या दोन टायरांवरचे पट्टे मात्र गेले होते. धुताना निघाले असतील, बरी ब्याद गेली, असं म्हणून मी तो विषय सोडला.

त्यानंतर स्टेअरिंग थरथरायला लागलं. साठपर्यंत काही नाही. सत्तर ओलांडलं की चालू मिक्सरवर हात ठेवल्यासारखं. बाजूने ट्रक जाताना मी दोन्ही हातांनी ते आवळून धरायची आणि शाळेत पोचेपर्यंत खांदे दगड व्हायचे. भीती वाटायची, आणि ती सांगायची चोरी.

तरी एकदा सांगितलं. नवऱ्याने गावातल्या गावात एक चक्कर मारली. तो जन्मात पन्नासच्या वर गेलेला नाही.

"काहीच त नाही," तो म्हणाला.

सोनाळ्याला विषय निघाला तेव्हा मामाजींचा निकाल तयार होता. "तुह्या हातालेच थरकाप हाये. बाईमाणसाचं काम नोहे हे. गाडी इथं ठेव अन् एसटीनं जात जाय."

"मी सांभाळतो ना वयनी," दीर लगेच म्हणाला.

नवरा गप्प बसला. आमच्या घरात तो गप्प बसला की होकार धरतात. होळीपर्यंत थरथर थांबली नाही तर गाडी सोनाळ्याला ठेवायची, असं माझ्यासमोर, मला न विचारता ठरलं.

माझं पित्त खवळलं. होळीच्या आत या थरथरीचं मूळ शोधायचंच, असं मी ठरवलं. आधी चाकं सरळ रेषेत आणणारी अलाइनमेंट केली. फरक नाही. मग बॅलन्सिंग. दुकानदाराने रिमला शिशाचे तुकडे ठोकले आणि माझ्याशी नाही, बाजूला उभ्या नवऱ्याशी बोलला, "साहेब, मॅडम खड्ड्यात घालत असतील." नवऱ्याने मान डोलावली. ती मान मी अजून विसरलेली नाही. गाडी हायवेवर आली आणि सत्तरला पुन्हा तेच.

मग रविवारी साडीचा पदर खोचला आणि अंगणात जॅक लावला. पुढची चाकं मागे घातली, मागची पुढे. शेजारच्या काकू फाटकापाशी येऊन बघत होत्या. दुसऱ्या दिवशी हायवेवर काटा सत्तरवर नेला. स्टेअरिंग गप्प. पण आता माझ्या बुडाखालची सीट थरथरत होती. म्हणजे दोष त्या दोन चाकांबरोबर मागे गेला होता. माझे हात निर्दोष सुटले. एकटीच गाडीत मोठ्याने हसले मी.

संध्याकाळी घरी येऊन मागचं एक चाक उचललं. विटेवर स्क्रू-ड्रायव्हर ठेवला, त्याचं टोक टायरला जेमतेम लागणार नाही असं धरलं आणि चाक फिरवलं. एका जागी टायर टोकाला घासून जायचा, मग पुन्हा फट पडायची. तिथे हात फिरवला तर पोळी फुगावी तसा उंचवटा. आतली तार सुटली की टायरला असं पोट येतं, आणि असा टायर वेगात केव्हाही फुटतो. दुसऱ्या चाकाचंही तेच. वरची नक्षी झिजलेली, कडांना भेगा. हे काही महिन्यांपूर्वीचे टायर? आता पुढे आलेल्या दोन चाकांकडे पाहिलं. हिरवे पट्टे जिथल्या तिथे, नक्षी करकरीत. पट्टे धुण्यात निघालेच नव्हते. तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्या रविवारी मी गाडी हळू हळू सोनाळ्याला नेली. नवरा बरोबर होता. त्याला काही सांगितलं नाही. दिराची गाडी दारातच होती, पुढचे टायर काळ्या पॉलिशने चकचकीत. मी कुणाशी न बोलता फडक्यावर पेट्रोल घेतलं आणि पहिला टायर पुसला. काळं निघालं. खालून हिरवं आलं.

"मामाजी, हा रंग कोणाचा हाये?" मी विचारलं.

दीर घरात सटकला. मला वाटलं होतं, मामाजी त्याच्यावर ओरडतील. निदान चकित तरी होतील. ते खाटेवरून उठलेही नाहीत.

"माहाच हाये. म्यानंच सांगतलं त्याले, चाकं बदलून घे म्हून. त्याचे टायर फुटाले झाले होते. त्याच्या गाडीत लेकरं बसतात. तुही गाडी काय, रिकामीच त जाते."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो कडुनिंबाच्या शेंड्याकडे बघत होता.

रोज सकाळी मी त्या गाडीत बसते, पट्टा लावते, आरसा नीट करते. लग्नाला इतकी वर्षं झाली, मूल झालं नाही. या घरात मोजणी कशी होते ते मला त्या दिवशी नीट कळलं. माझ्या हातांना थरकाप आहे म्हणणाऱ्या माणसाला टायरचं पोट पहिल्यापासून ठाऊक होतं.

मी जॅक काढला. दिराच्या गाडीची पुढची चाकं सोडवली आणि तिचं तोंड दगडांवर टेकवलं. ती माझ्या गाडीला मागे लावली, चारही चाकं पुन्हा माझी झाली. "जाऊ दे ना आता," नवरा दोनदा म्हणाला. मग त्या दोन सडक्या टायरांची हवा सोडली, गोठ्यातून कोयता आणला आणि त्यांच्या बगला उभ्या चिरल्या. तेव्हा मात्र मामाजी खाटेवरून उठून ओरडले. दिराची पोरं मला मोठीआई म्हणतात. ते टायर पुन्हा त्यांच्या गाडीला लागले असते, आणि हे त्यांच्या आजोबांना समजावून सांगण्याची माझी इच्छा उरली नव्हती.

चहा न घेता निघालो. शेगावच्या रस्त्याला लागल्यावर मी काटा ऐंशीवर नेला. स्टेअरिंग जागचं हललं नाही. नवऱ्याने दाराच्या वरची कडी घट्ट धरली.

"हळू चालव ना," तो म्हणाला.

"काऊन?" मी म्हटलं. "गाडी त रिकामीच हाये."