सत्कार केला, मत राहिलं

परवा नगरपालिकेकडून मतदानाचं कार्ड टपालाने आलं आणि माझ्या तळपायाची आग पुन्हा मस्तकात गेली. नेदरलँड्समधल्या आमच्या आल्मेरे शहरातल्या एका आयरिश नगरसेवकांनी सभेत भांडून भांडून मुलांच्या अंधाऱ्या सायकलवाटेवर दिवे लावून घेतले होते. गणपतीत आमच्या मराठी मंडळाने शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार केला. नारळ छातीशी धरून ते केवढे लाजले! पुढच्याच निवडणुकीत ते पडले. मंडळाच्या ग्रुपवर हळहळ सुरू झाली. "मत दिलं का कुणी?" मी फोन करकरून खडसावलं. "अगं, मीटिंगा होत्या." "पाऊस होता." "आपल्या एका मताने काय होतंय?" निर्लज्ज मेले! तेवढ्यात लेकीने, मत देताना केंद्रावर जमा करायचं माझं त्या निवडणुकीचं कार्ड फ्रिजवरून काढून समोर धरलं. "आई, मग हे काय?" या वेळी कार्ड पर्समध्ये ठेवलंय, उमेदवारांच्या यादीत मात्र ते नगरसेवकच नाहीत.