साळवेंचं पाणी आणि माझं इल्मेनाइट

भूगर्भशास्त्राच्या स्टाफरूममध्ये किस्से जमवावे लागत नाहीत, कपाटातल्या दगडांसारखे ते साचतच जातात. आमच्या कॉलेजात मी खनिजं शिकवतो आणि साळवे सर भूजल. मी त्यांच्यावर जळतो, हे शिपायालासुद्धा ठाऊक आहे.

एकदा सिल्लोडजवळच्या गावी साळवेंनी बोअरचा पॉइंट दाखवला. गावकऱ्यांनी त्यांना फेटा बांधला, माझ्याकडे त्यांची बॅग दिली! मीही सांगून पाहिलं, "तुमच्या या काळ्या दगडात इल्मेनाइटचे कण आहेत, टायटॅनियमचं खनिज." शेतकरी म्हणाला, "ते असू द्या सर. पाणी किती फुटावर लागंल?"

घराला रंग देताना मी पेंटरला म्हटलं, की हा पांढराशुभ्र रंग माझ्या काळ्याकुट्ट इल्मेनाइटपासूनही बनवतात. तो म्हणाला, "मग आधी सांगायचं ना. काळाच देऊन टाकला असता."

साळवेंनी नवं घर घेतलं, आम्ही चहाला गेलो. माझ्या खिशात एक खडा होता. खडा खडबडीत चिनीमातीवर घासला की उमटणाऱ्या रेघेवरून खनिज ओळखतात, आणि कपाच्या बुडाची कड तशीच खडबडीत असते. मी कप उलटा केला. रेघ काळी आली, छानच आली. चहा मात्र नव्या सोफ्यावर गेला! तेव्हापासून त्या घरी सगळ्यांना कप आणि मला स्टीलचा पेला.

यंदाची सहल रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ठरली. आपल्याकडं इल्मेनाइट सूक्ष्मदर्शकाखाली शोधावं लागतं, तिथं म्हणे काळी रेतीच पसरलेली असते. ती मी कधी पाहिली नव्हती. एकाच शिक्षकाला जाता येणार होतं आणि पोरांनी साळवेंना निवडलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी साळवेंचा फोन आला. पोरांनी रेतीत लोहचुंबक फिरवलं, तर काही कण लगेच चिकटले आणि बाकीचे काळे कण हलेनात. असं का, म्हणून पोरं मागं लागली होती.

रिकाम्या स्टाफरूममध्ये मी उभाच राहिलो. चटकन चिकटलं ते मॅग्नेटाइट, हटून बसलं ते बहुतेक इल्मेनाइट, त्याला जबरदस्त चुंबक लागतं. दगड झिजतो, नद्या कण समुद्राला देतात, लाटा हलकी वाळू ओढून नेतात आणि जड कण मागं राहतात. हातवारे करत मी किती वेळ बोललो कोण जाणे. शेवटी विचारलं, "सर, ऐकताय ना?"

 समुद्राच्या आवाजातून साळवे हळूच म्हणाले, "फोन स्पीकरवर व्हता सर. पोरं मुठीतली रेती खाली टाकंनात. आता उरलेले दोन दिवस मी यांना पाण्याचं काय सांगू?"