मधले दोन ठिपके

माझा दोस्त वशा गेल्याची तार साताऱ्यात आली, तेव्हा मी पाहुण्यांना त्याच्याच लग्नाचा किस्सा हातवारे करून सांगत होतो. किस्सा अर्धाच राहिला... आज महिन्याभरानं तो पुरा करतो. रडत सांगितला तर वशालाच आवडणार नाही.

वशा सांगलीच्या एका शाळेत रसायन शिकवायचा. रेणू काढण्याचं त्याला वेड. अणूभोवती इलेक्ट्रॉनचे ठिपके, दोन अणूंच्या मध्ये सामाईक जोडी, तोच बंध. पत्रावळीवर आमटीनं काढायचा, सायकलच्या धुळकट सीटवर बोटानं काढायचा. मुलगी बघायला गेला की पोह्यांतले शेंगदाणे मांडून तेच समजावायचा नि नकार घेऊन परतायचा. दुसऱ्या लढाईच्या दिवसांत कोरेगावचं स्थळ आलं, तेव्हा त्याच्या आईनं बजावलं, "हे शेवटचं. यापुढं मी कुणाचे उंबरे झिजवणार नाही." मी वशाकडून शपथ घेतली, रेणूचा शब्दही काढायचा नाही.

शब्द त्यानं पाळला, बोटांनी नाही. मुलीला, कमलला, रांगोळी घालायला सांगितलं. तिनं शेजारीशेजारी दोन फुलं काढली, प्रत्येकाभोवती आठ ठिपके. वशा वाकला आणि दोन फुलांच्या मधल्या चार ठिपक्यांतले दोन चक्क पुसून टाकले!

"आवं मास्तर," तिचे वडील सुभेदार गरजले, "पोरगी बघाया आलाय का रांगोळी पुसाया?"

कमल मात्र खालीच बघत होती. "माझं फूल उणं झालं की."

"मोजा," वशा म्हणाला.

तिनं मोजले. इकडं आठ, तिकडंही आठ. "मग ह्ये मधलं दोन कुणाचं?"

"दोघांचे. प्रत्येकानं एकेक दिलाय."

"पर ह्ये हाय तरी काय?" सुभेदारांनी विचारलं.

"क्लोरीन."

झालं! पहिल्या लढाईत फ्रान्सच्या खंदकात सुभेदारांनी तोच विषारी वायू छातीत घेतला होता. ते ताडकन उठले. "माझ्या घरात त्यो वायू? उठा!"

मी टोपी शोधू लागलो. तेवढ्यात कमल म्हणाली, "आवं आबा, ह्येंनी बांधून ठिवलाय की त्याला. सुटंल कसा?"

सुभेदार थबकले आणि खोकला लागेपर्यंत हसले. विषारी वायू म्हणजे हीच बांधलेली जोडी, असं सांगून वशा तिची चूक सुधारायला तोंड उघडत होता; मी त्याचा पाय करकचून दाबला. ते लग्न माझ्या टाचेनं जमवलं, असं मी आजही सांगतो.

पुढं सांगलीत त्यांच्या दारात रोज तीच रांगोळी. फुलं कमलवहिनींची. मधल्या दोनांतला एक ठिपका त्यांचा, दुसरा वशाचा. शाळेला कितीही उशीर होवो, पायताण घालण्याआधी तो वाकायचाच...

गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे गेलो. दारात रांगोळी होती. वशाची जागा बघायचा धीर होईना, म्हणून मान वर करून तसाच आत निघालो.

"थांबा भावजी," वहिनी म्हणाल्या. "मोजा."

मी वाकलो. इकडं आठ... तिकडंही आठ.